विशेषणांची रांग

इंग्रजींत एका नामापूर्वीं दोनचार विशेषणें आलीं म्हणजे त्यांचा क्रम ठरलेला असतो: आधीं बोलणाराचें मत, मग आकारमान, वय, रंग, मूळ स्थान आणि शेवटीं, नामास अगदीं लागून, द्रव्य. आमच्या बीड जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस हा परक्या दरबारचा शिष्टाचार वाटतो व ते तो घोकून काढतात. आमच्या मतें हे श्रम बव्हंशीं व्यर्थ होत.

अंबाजोगाईच्या दासोपंतांनीं (१५५१–१६१५) सुमारें ४० फूट लांब वस्त्रावर पंचीकरण लिहिलें. तें वस्त्र पाहणारा कोणीहि 'लांब जुनी सुती पासोडी' असेंच म्हणेल. 'सुती जुनी लांब पासोडी' म्हटल्यानें व्याकरणाचा एकहि नियम मोडत नाहीं, पण कान कुरकुरतो. हा क्रम त्या कानास कोणत्या शाळेनें शिकविला?

खरा उलटा क्रम या जिल्ह्यानें पाहिला तो फारसीचा. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यांत होतें. तेथील राजभाषा प्रथम फारसी व १८८४ च्या सुमारास उर्दू झाली. फारसींत नाम आधीं, विशेषण नंतर. उर्दूनें विशेषण पुन्हां नामापूर्वीं आणलें, तरी 'वजीर-ए-आझम' सारख्या पदांत जुनी धाटणी राहिलीच. कचेरींत एक आणि घरीं दुसरा, असे दोन्ही क्रम येथील कारकुनांनीं पिढ्यान् पिढ्या सांभाळले. त्या मानानें इंग्रजी घरचीच म्हणावयाची!

खुद्द इंग्रजांसहि हा क्रम व्याकरणानें दिलेला नाहीं. टोल्किन या कादंबरीकारानें १९५५ च्या एका पत्रांत बाळपणची आठवण दिली आहे: 'हिरवा मोठा ड्रॅगन' असें म्हणूं नये, 'मोठा हिरवा' म्हणावें, असें आईनें सांगितलें, कारण मात्र त्यास पुढेंहि उमगलें नाहीं. हेन्री स्वीटनें १८९८ च्या वाक्यविचारांत एवढेंच तत्त्व मांडलें होतें कीं, अर्थानें नामाशीं जें अधिक निगडित तें नामाच्या अधिक जवळ.

भेद आहे तो सवलतीचा. ओवींत विशेषण नामानंतरहि येतें व पुष्कळदां प्रत्यय त्याचें नातें राखतो. इंग्रजी विशेषणास तसा प्रत्यय नसल्यानें तें जागेवरच विसंबतें. गद्यांतहि रंगावर भर द्यावयाचा असतां मराठी माणूस 'काळा मोठा दगड' खुशाल म्हणतो. हाच दगड शब्दशः इंग्रजींत उतरला कीं विद्यार्थ्याचे गुण जातात. शिक्षकानें वेळ द्यावा तो येथें.