नांगर चाचणी (नौकानयन)

नांगर चाचणी म्हणजे नौकेचा नांगर समुद्र, खाडी किंवा सरोवराच्या तळात किती लवकर रुततो, रुतल्यावर किती ओढ सहन करतो आणि ओढीची दिशा बदलल्यास पुन्हा रुततो की नाही, हे प्रत्यक्ष मोजून पाहण्याची पद्धत होय. अशा चाचण्या नौदले, जहाज वर्गीकरण संस्था, नांगर उत्पादक आणि नौकानयनविषयक नियतकालिके करतात. नांगराच्या धातूची व जोडकामाची मजबुती तपासणारी भार चाचणी आणि तळातील पकड तपासणारी धारण चाचणी या दोन स्वतंत्र चाचण्या आहेत. एका चाचणीत उत्तीर्ण झालेला नांगर दुसरीत उत्तीर्ण होईलच असे नाही.

## महत्त्व

वादळात इंजिन बंद पडलेल्या किंवा इंजिन नसलेल्या नौकेला किनाऱ्यावर आपटण्यापासून वाचवणारे शेवटचे साधन नांगर हेच असते. २६ ऑक्टोबर १८५९ रोजी ‘रॉयल चार्टर’ हे ब्रिटिश जहाज वेल्समधील अँगलसी बेटाच्या किनाऱ्यावर फुटले आणि चारशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. जहाजाने दोन्ही नांगर टाकले होते, परंतु त्यांच्या साखळ्या रात्रीतून एकामागून एक तुटल्या. भारतात मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा निवासी बार्ज नांगर सुटल्याने भरकटला आणि १७ मे रोजी बुडाला.

नांगर, साखळी, दोर आणि त्यांना जोडणाऱ्या कड्या मिळून एक साखळीबद्ध व्यवस्था तयार होते. तिच्यातील सर्वांत कमजोर घटकाइतकीच ती व्यवस्था मजबूत असते. म्हणून केवळ नांगराच्या चाचणीवरून संपूर्ण नौकेच्या सुरक्षिततेचा निष्कर्ष काढता येत नाही.

## मूलभूत संकल्पना

### रुतणे, धरणे आणि पुन्हा रुतणे

चाचणीत नांगराचे तीन गुण वेगवेगळे पाहिले जातात.

- रुतणे : तळावर पडलेला नांगर ओढ बसताच योग्य बाजूवर वळून त्याचे टोक तळात शिरणे. हे किती अंतरात घडते ते मोजतात.
- धरणे : रुतलेला नांगर सरकू लागण्यापूर्वी सहन करतो ती कमाल ओढ. तिला धारणबल म्हणतात.
- पुन्हा रुतणे : वारा किंवा प्रवाह फिरल्यावर नांगर उपटला गेल्यास त्याने स्वतःहून पुन्हा पकड घेणे.

धारणबल मुख्यतः फाळाचे क्षेत्रफळ, फाळ किती खोल गेला आहे आणि तळाची माती घसरण्यास किती विरोध करते, यांवर अवलंबून असते. नांगराचे वजन त्याला तळापर्यंत नेते आणि टोक आत शिरण्यास मदत करते. परंतु आधुनिक नांगराचे धारणबल त्याच्या वजनाच्या अनेक पट असू शकते. त्यामुळे वजन हे पकडीचे विश्वसनीय माप मानले जात नाही.

### दोर व खोलीचे गुणोत्तर

सोडलेल्या दोराची किंवा साखळीची लांबी आणि नौकेच्या नाळेपासून तळापर्यंतची उंची यांच्या गुणोत्तरावर ओढीचा कोन ठरतो. दोर पूर्ण ताणून सरळ झाला असे धरल्यास ३ या गुणोत्तराला ओढ तळाशी सुमारे १९.५ अंशांचा कोन करते, ५ ला सुमारे ११.५, ७ ला सुमारे ८ आणि १० ला सुमारे ६ अंशांचा. कोन जितका मोठा, तितकी ओढ नांगराला वर उचलू पाहते. जड साखळीच्या झोळामुळे हा कोन कमी होतो; मात्र जोरदार वाऱ्यात झोळ जवळजवळ नाहीसा होतो.

भरती-ओहोटीच्या प्रदेशात हे गुणोत्तर तासागणिक बदलते. उदाहरणार्थ, ओहोटीला ५ मीटर पाणी आणि नाळेची उंची १ मीटर असताना ३० मीटर दोर सोडल्यास गुणोत्तर ५ येते. मुंबई परिसरात उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी ४ मीटरच्या आसपास चढू शकते. तितकी भरती आल्यावर त्याच दोराचे गुणोत्तर ३ वर येते. याच कारणामुळे गुणोत्तर नमूद न केलेला धारणबलाचा आकडा अपुरा मानला जातो.

## इतिहास

प्राचीन काळी भोके पाडलेले दगड नांगर म्हणून वापरले जात. त्यांची पकड प्रामुख्याने वजनावर अवलंबून असे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्वज्ञांना गुजरातमधील द्वारका व बेट द्वारका येथे, तसेच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विजयदुर्गसारख्या ठिकाणी असे दगडी नांगर आढळले आहेत.

१८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर ब्रिटिश नौदल प्रशासनाने १८५२ मध्ये एका समितीमार्फत विविध नांगरांची तुलना केली. समितीने मजबुती व धारणबलाबरोबरच लवकर पकड घेणे, दोर न अडकणे, जहाजावर ठेवण्यातील सोय आणि होडीतून वाहून नेण्यातील सुलभता हे निकषही विचारात घेतले. या तुलनेत ट्रॉटमन नांगर अव्वल ठरला. पुढे ब्रिटिश संसदेने १८६४ मध्ये साखळ्या व नांगरांच्या भार चाचणीविषयी कायदा केला.

विसाव्या शतकात नांगराच्या पकडीचा अभ्यास शास्त्रीय पायावर उभा राहिला. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री इंग्रॅम टेलर हे स्वतः शिडाची नौका चालवत. त्यांनी १९३३ मध्ये बिजागरी असलेला, दोन बाजूंना माती सारणाऱ्या फाळाचा हलका नांगर तयार केला. तो ‘सीक्यूआर’ या नावाने विकला गेला. ही अक्षरे ‘सुरक्षित’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या उच्चाराशी जुळतात. शेतीच्या नांगराशी असलेल्या साम्यामुळे इंग्रजीत या प्रकाराला शेतीच्या नांगराचेच नाव मिळाले. मराठीत मात्र दोन्ही साधनांसाठी ‘नांगर’ हा एकच शब्द रूढ आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत रिचर्ड डॅनफोर्थ यांच्या सपाट, रुंद फाळांच्या नांगराचा उपयोग सैन्य उतरवणाऱ्या नौकांवर झाला. १९७० च्या दशकात पीटर ब्रूस यांचा पंजासारखा नांगर आला. त्यानंतर फ्रान्समधील ‘स्पेड’ आणि न्यूझीलंडमधील ‘रोक्ना’ यांसारखे अंतर्वक्र फाळांचे नांगर पुढे आले. या नव्या नांगरांमुळे तुलनात्मक चाचण्यांची संख्या वाढली.

## चाचणीच्या पद्धती

### प्रत्यक्ष समुद्रातील चाचणी

टग किंवा मोठी नौका नांगर टाकून हळूहळू मागे सरकते आणि दोरात बसवलेला भारमापक ओढीची सतत नोंद करतो. दुसऱ्या पद्धतीत नौका स्थिर ठेवून विंचने नांगर ठरावीक वेगाने ओढला जातो. या पद्धतीत इंजिनाच्या जोरातील चढउतार टळतात. एकाच नांगराची ओढ त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा घेतली जाते, कारण तळाची माती काही मीटरवरही बदलू शकते.

वारा फिरल्याची स्थिती निर्माण करण्यासाठी रुतलेल्या नांगरावर ९० किंवा १८० अंशांत ओढ दिली जाते. पाणी स्वच्छ असल्यास पाणबुडे किंवा पाण्याखालील कॅमेरे नांगर आडवा पडला, वळला की मातीचा गोळा घेऊन वर आला, हे टिपतात. भारमापकाच्या आलेखात न दिसणारी अपयशाची कारणे यातून कळतात.

### प्रतिकृती चाचणी

वाळूच्या पेटीत किंवा ओल्या किनाऱ्यावर लहान प्रतिकृती ओढून आकारांची तुलना करता येते. ही पद्धत स्वस्त आहे. परंतु नांगर लहान केला तरी वाळूचे कण आणि मातीचा चिकटपणा त्याच प्रमाणात लहान होत नाहीत. त्यामुळे तिचे आकडे मोठ्या नांगराला थेट लावता येत नाहीत.

## तळाच्या प्रकाराचा परिणाम

- वाळू : बहुतेक नांगरांना अनुकूल. तीस अंशांच्या आसपासचा फाळ-कोन योग्य ठरतो. घट्ट वाळूत बोथट टोकाचे नांगर रुतण्याऐवजी पृष्ठभागावरून घसरतात.
- मऊ चिखल : मोठे क्षेत्रफळ व अधिक कोन आवश्यक. ‘फोर्ट्रेस’ या ॲल्युमिनियमच्या नांगराचा फाळ-कोन त्यासाठी ३२ वरून ४५ अंशांवर नेता येतो.
- चिकणमाती : पकड चांगली मिळते, परंतु फाळाला चिकटलेला गोळा पुन्हा रुतण्यास अडथळा आणतो.
- पाणवनस्पती : टोक मुळांच्या जाळ्यात अडकून तळापर्यंत पोहोचत नाही. जड व अणकुचीदार नांगर अधिक उपयुक्त ठरतो.
- खडक व गोटे : येथे नांगर रुतत नाही, केवळ अडकतो. त्यामुळे मोजलेला आकडा बऱ्याच अंशी योगायोगाचा असतो.

## वर्गीकरण संस्थांचे नियम

आंतरराष्ट्रीय वर्गीकरण संस्था संघटनेच्या नियमांनुसार, समान वजनाच्या साध्या दांडीविरहित नांगराच्या किमान दुप्पट धारणबल असलेल्या नांगराला उच्च धारणबल नांगर, तर किमान चौपट असलेल्याला अतिउच्च धारणबल नांगर म्हणतात. दोन्ही नांगर एकाच परिस्थितीत, निरनिराळ्या प्रकारच्या तळांवर ओढून ही तुलना करतात. दोर-खोलीचे गुणोत्तर १० असावे अशी शिफारस असून ते ६ पेक्षा कमी चालत नाही. मान्यताप्राप्त उच्च धारणबल नांगराचे वजन नेहमीच्या नांगराच्या ७५ टक्के आणि अतिउच्च प्रकाराचे ५० टक्के असले तरी चालते.

भार चाचणीत फाळाच्या टोकापासून एक तृतीयांश अंतरावर ठरावीक ओढ दिली जाते आणि नंतर तडे व वाकणे तपासले जाते. हे नियम बंदरातील किंवा आडोशाच्या जागेतील तात्पुरत्या नांगरणीसाठी आहेत. उघड्या किनाऱ्यावर वादळात जहाज धरून ठेवणे हा त्यांचा उद्देश नाही.

## उल्लेखनीय तुलनात्मक चाचण्या

२००६ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्रूझजवळ चौदा नांगरांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष अमेरिकेतील ‘सेल’ आणि ब्रिटनमधील ‘यॉटिंग मंथली’ या नियतकालिकांत आले. घट्ट वाळूच्या तळावर काही प्रसिद्ध जुने नांगर नीट रुतलेच नाहीत, तर अंतर्वक्र फाळांच्या काही नव्या नांगरांनी चांगली पकड दाखवली.

२०१४ मध्ये फोर्ट्रेसच्या उत्पादकाने अमेरिकेच्या चेसापीक उपसागरातील मऊ चिखलात ‘रेचेल कार्सन’ या संशोधन नौकेवरून चाचण्या घेतल्या. त्यांत ४५ अंशांवर ठेवलेला रुंद फाळांचा नांगर आघाडीवर राहिला. दोन चाचण्यांतील क्रमवारीचा फरक मुख्यतः तळाच्या फरकाशी जोडला जातो.

## मर्यादा

तुलनात्मक चाचण्यांवर पुढील आक्षेप घेतले जातात.

- अनेक चाचण्यांचा खर्च उत्पादक करतात आणि तळाची निवडही तेच करतात.
- नांगरांची तुलना समान वजनावर, समान क्षेत्रफळावर की समान किमतीवर करावी, याबाबत एकमत नाही. निकषानुसार क्रमवारी बदलते.
- एका नांगराच्या मोजक्या ओढींची सरासरी फसवी ठरू शकते. चार वेळा उत्तम धरणारा आणि पाचव्यांदा न रुतणारा नांगर सरासरीत चांगला दिसतो. व्यवहारात तो धोकादायक असतो.
- चाचणीतील ओढ संथ व एकदिश असते. प्रत्यक्षात नौका लाटांवर उसळते आणि दोन्ही बाजूंना झोके घेते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास त्याचा दाब सुमारे चौपट होतो.

या कारणांमुळे एकाच कमाल आकड्यापेक्षा निरनिराळ्या तळांवरील सातत्य, विशेषतः सर्वांत कमी नोंदलेले धारणबल आणि न रुतण्याचे प्रमाण, हे नांगराच्या निवडीसाठी अधिक उपयुक्त मानले जाते. नांगर टाकल्यानंतर इंजिन उलट चालवून त्याची पकड पाहणे आणि किनाऱ्यावरील दोन स्थिर खुणांच्या आधारे नौका सरकत नाही याची खात्री करणे, ही प्रत्येक वेळी करावयाची चाचणी होय. कोणत्याही प्रकारचा नांगर असला तरी ती टाळता येत नाही.

## हेही पहा

- नांगर
- भरती-ओहोटी
- मृद्‌यांत्रिकी
- सागरी पुरातत्त्वशास्त्र