निवडलेले आणि उरलेले

माहितीचा महापूर ही आपल्याच युगाची आपत्ती आहे, असे आपण गृहीत धरतो. पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे पाहिले की हा समज टिकत नाही. मराठी व इंग्रजी कागदांचे तिथे सुमारे ३५ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवण्याचे चौकोनी कापड. पुढे त्यातल्या गठ्ठ्यालाच ते नाव मिळाले. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा अशा विभागांतून राज्याचा दैनंदिन व्यवहार मोडीत नोंदलेला आहे. लिहिणाऱ्या कारकुनाला यातले 'महत्त्वाचे' काय, हा प्रश्नच नव्हता. त्याला हिशेब पुरा करायचा होता.

प्रश्न पडला तो पुढच्यांना. १८१८मध्ये पेशवाई बुडाली आणि दफ्तर इंग्रजांच्या हाती गेले. इनामांची चौकशी करताना त्यांनी ते चाळले; इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र दार दीर्घकाळ बंदच राहिले. अखेर जदुनाथ सरकारांसारख्यांच्या पाठपुराव्यानंतर निवडीचे काम गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे आले. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, साठी उलटलेल्या या रियासतकारांनी मोडी वाचणाऱ्या सहायकांना हाताशी धरून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड प्रसिद्ध केले. त्यांत साडेआठ हजारांहून अधिक कागद आहेत. एकूण साठ्याच्या मानाने ही ओंजळच. पण त्या ओंजळीशिवाय अठराव्या शतकाचे राजकारण आज लिहिता येत नाही.

मात्र प्रत्येक निवडीमागे निवडणाऱ्याचा प्रश्न उभा असतो. सरदेसायांची दृष्टी मुख्यतः राजकारणावर होती. शिरूर तालुक्यातील मांडवगण फराट्यासारख्या भीमाकाठच्या गावाची चौकशी करणाऱ्याला मोहिमांची पत्रे फारशी उपयोगी नाहीत. त्याला वसुलाचे अजमास हवेत, वतनाचे तंटे हवेत, पाटील-कुलकर्ण्यांचे आणि बलुतेदारांचे हक्क हवेत. गावगाड्याचा, न्यायपद्धतीचा आणि शेतसाऱ्याचा अभ्यास करणारे पुढे अशा कागदांकडे वळले, तेव्हा एका पिढीने बाजूला ठेवलेले दुसरीला मोलाचे ठरले. रुमाल शाबूत होते, म्हणूनच हे शक्य झाले.

म्हणजे इथे कामे दोन आहेत, आणि ती एक नव्हेत. जपणाऱ्याने शक्य तितके जपावे. वाचणाऱ्याने मात्र निवडलेच पाहिजे. आज आपले विद्यार्थी शेकडो ग्रंथांच्या प्रती क्षणात उतरवून घेतात, आणि संग्रह झाला म्हणजे अभ्यास झाला असे त्यांना वाटू लागते. खरे तर त्यांनी नवे रुमाल तेवढे बांधलेले असतात. रुमाल सोडायचा तर आधी लिपी यावी लागते, आणि त्याआधी एक प्रश्न मनात असावा लागतो. सरदेसायांपाशी तो होता. तो अपुरा होता असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे, पण आपल्यापाशी आपला प्रश्न असेल तरच. साहित्याच्या वर्गात यादी वाढवण्याआधी हा प्रश्न घडवणे, हेच आज शिक्षकाचे पहिले काम मानायला हवे.