मोज्यांपासून जाळीच्या शालीपर्यंत

हौस म्हणून विणकाम शिकणाऱ्यांचा प्रवास बहुधा ठरलेल्या वाटेने होतो. आधी मफलर, टोपी, मग मोजे. मोज्याची टाच वळवता आली की धीर येतो आणि एक दिवस जाळीची शाल सुयांवर चढते. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात विखुरलेली शेटलंड बेटे हीच वाट चालली. फक्त त्यांना त्यासाठी दोनशे वर्षे लागली आणि त्यामागे हौस नव्हती. या बेटांच्या शालींबद्दल बोलताना एक गोड चित्र रंगवले जाते: लांबच लांब हिवाळा, शेकोटीपाशी बसलेल्या बायका, हाताशी भरपूर वेळ आणि त्या वेळातून उमललेली परंपरागत कला. यातला हिवाळा तेवढा खरा आहे. शेटलंडची जाळी फार जुनी नाही. ती 1830 नंतरच्या दोन दशकांत बाजारासाठी जन्मली, आणि जन्मली ती मोज्यांचा धंदा बसला म्हणून. तिच्या नाजूकपणाचे कारण रिकाम्या वेळात शोधण्यापेक्षा या धंद्याच्या चढउतारात शोधावे, असे माझे म्हणणे आहे.

आधी मोजे पाहू. सतराव्या शतकात हॉलंडच्या हेरिंग मासेमारांचा ताफा दर जूनमध्ये ब्रेसेच्या सामुद्रधुनीत नांगर टाकून थांबे. 24 जूनपूर्वी जाळी टाकायची नाहीत असा त्यांचा नियम होता, त्यामुळे हजारो खलाशी किनाऱ्याजवळ मुक्कामाला असत. बेटांवरच्या बायका त्यांना जाडेभरडे लोकरी मोजे विकत किंवा त्यांच्या बदल्यात हवा तो माल घेत. लर्विक हे आजचे मुख्य गाव या देवघेवीतूनच वाढले. मोजे विणणे हे बसून करायचे काम नव्हतेच. कमरेला घोड्याचे केस ठासून भरलेली, भोके पाडलेली चामडी गादी पट्ट्याने बांधलेली असे. एका सुईचे टोक त्या भोकात रोवले की उजव्या हाताला सुईचा भार राहत नाही, आणि चालता चालताही विणता येते. पाठीवर जळणाच्या पीटने भरलेली करंडी, पायाखाली ओली वाट आणि हातात अर्धा मोजा, अशा बायकांची छायाचित्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळतात. मात्र या धंद्याला टक्कर देणारे यंत्र फार आधीच जन्मले होते. नॉटिंगहॅमशायरमधल्या विल्यम ली याने 1589 मध्ये मोजे विणण्याची चौकट तयार केली. ती पसरायला वेळ लागला, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस नॉटिंगहॅम आणि लेस्टरचे मोजे स्वस्तात मिळू लागले. त्यातच नेपोलियनच्या काळातल्या युद्धांनी डच ताफा विस्कळीत झाला. स्वस्त यंत्रमाल आणि हरवलेले गिऱ्हाईक असा दुहेरी मार जाड मोज्यांवर बसला.

यंत्राशी स्वस्ताईत लढता येत नाही. हात लढू शकतो तो यंत्राला न जमणाऱ्या जागी, आणि शेटलंडच्या मेंढीने तशी जागा दिली. ही मेंढी उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपोआप लोकर टाकू लागते, त्यामुळे ती कातरण्याऐवजी हाताने उपटून घेता येते आणि तंतूंचे टोक तुटत नाही. मानेजवळची सर्वांत मऊ लोकर वेगळी काढायची, चरख्यावर केसासारखी बारीक कातायची आणि दोन पदर एकत्र पिळायचे. विणताना धागा पुढे घेतला की एक भोक पडते आणि एक टाका वाढतो. जवळच दोन टाके एकत्र विणले की संख्या पुन्हा जागेवर येते. सगळी जाळी या वाढ-घटीच्या हिशेबावर उभी आहे. लाटा, मांजराची पावले, घोड्याची नाल हे नमुने म्हणजे भोके आणि घट कुठे ठेवायची याचेच निर्णय. एक चूक झाली तर पुढच्या ओळीतला प्रत्येक नमुना सरकतो. विणून झाल्यावर शाल धुवायची, जळत्या गंधकाच्या धुरात पांढरी करायची आणि काठाचे प्रत्येक टोक दोऱ्याने लाकडी चौकटीला ताणून वाळवायची. चौकटीवर चढेपर्यंत ती चुरगळलेल्या चिंधीसारखी दिसते. ताणल्यावर नमुना उघडतो. माणसाच्या उंचीएवढी चौरस शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार जाते, हे ऐकायला चमत्कार वाटतो, पण व्यापाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ आहे: मूठभर लोकरीत आता कित्येक मोज्यांची किंमत बसत होती, आणि दूरच्या बेटावरून माल पाठवणाऱ्याला याहून सोयीचे काही नव्हते.

यावर एक आक्षेप येतो. ही कला बायकांनी घडवली असे कशाला म्हणायचे, ती तर पुरस्कर्त्यांनी घडवली! ऑक्सफर्डचे व्यापारी एडवर्ड स्टँडन यांनी 1840 च्या सुमारास बारीक विणकामाला उत्तेजन देऊन लंडनची बाजारपेठ मिळवून दिली. लर्विकमध्ये जन्मलेल्या आर्थर अँडरसन यांनी 1837 मध्ये तरुण राणी व्हिक्टोरियाला शेटलंडचे बारीक मोजे भेट दिले. हे अँडरसन म्हणजे पी अँड ओ या जहाज कंपनीचे एक संस्थापक. पुढे मुंबईची टपाल वाहून नेणाऱ्या बोटी त्याच कंपनीच्या. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात शेटलंडची जाळी मांडली गेली. हे सगळे खरे आहे, आणि गिऱ्हाईक मिळाले नसते तर जाळी एवढी वाढली नसती हेही मान्य करायला हवे. पण मागणी करणाऱ्याने टाके घातलेले नसतात. अन्स्टसारख्या उत्तरेच्या टोकावरच्या बेटात बायकांनी दोन-तीन दशकांत एवढी पुढची मजल मारली, कारण सुई, पट्टा, पीळ आणि गोल विणण्याचे हिशेब त्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते. मोज्यांनी हात तयार केला आणि बाजाराने त्या हाताला नवे काम दिले.

मग त्या हाताला मोल काय मिळाले? 1872 मध्ये विल्यम गथ्री यांच्या सरकारी चौकशीने शेटलंडमधल्या शेकडो लोकांच्या जबान्या घेतल्या, त्यांत विणकरणीही होत्या. त्यांतून दिसते ते असे: शाल घेऊन बाई लर्विकच्या दुकानात जाई, दुकानदार किंमत ठरवी आणि ती किंमत रोखीत न देता चहा, कापड, किरकोळ सामान अशा मालात देई. लगेच माल नको असेल तर चिठ्ठी मिळे, पण ती त्याच दुकानात वटे. वस्तूंत मोबदला म्हटला की मराठी वाचकाला बलुते आठवेल. पण बलुत्यात निदान घरात धान्य येई. इथे घरी पीठ हवे असताना हाती चहा यायचा, आणि तो घेऊन शेतकऱ्याकडे पीठ-बटाट्यांसाठी पुन्हा अदलाबदल करायची. दुकानदारांचे उत्तरही जबान्यांत आहे आणि ते ऐकून घ्यायला हवे. त्यांचे म्हणणे असे की शालींवर आम्हाला फारसे सुटत नाही, विक्रीची खात्री नाही, नफा काय तो बदल्यात दिलेल्या मालावर. रोख द्यायची तर भाव खाली येईल. यात तथ्य असेलही. पण याच उत्तरातून हेही कबूल होते की किमतीचा आकडा दोनदा ठरत होता, एकदा शालीचा आणि एकदा चहाचा, आणि दोन्ही वेळा ठरवणारा एकच होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. विणकाम शेती-घरकाम सांभाळून फावल्या वेळात होई, मग जे मिळाले ते वरकमाईच नाही का? लिन अब्रॅम्स या इतिहासकार बाईंनी शेटलंडच्या स्त्रियांवरच्या 2005 च्या ग्रंथात दाखवले आहे की या बायका निव्वळ बळी नव्हत्या; स्वतःच्या कमाईचा आणि हुन्नराचा त्यांना अभिमान होता. तो अभिमान मी नाकारत नाही. पण ‘फावला वेळ’ हा शब्द त्या बेटांना लागू पडत नाही. पुरुष मासेमारीला, व्हेल शिकारीला, व्यापारी जहाजांवर. त्यांतले कित्येक परत न येणारे. 1881 च्या जुलैमध्ये शेटलंडमधल्याच ग्लूपजवळच्या एका वादळात 58 मच्छीमार बुडाले. अशा घरात विणकाम हा कित्येकदा एकमेव आधार होता, आणि पाठीवर ओझे घेऊन चालताना विणलेल्या टाक्यांना फावला वेळ म्हणणे हे त्या श्रमाची किंमत शून्य धरण्यासारखे आहे.

पुढचे लवकर सांगता येते. 1870 नंतर फॅशन बदलली, मोठ्या शालींची जागा अंगाबरोबरच्या जाकिटांनी घेतली. मालात मोबदला द्यायला मनाई करणाऱ्या कायद्याच्या 1887 मधल्या दुरुस्तीने घरी विणलेल्या लोकरी मालालाही रोख मोबदल्याचे संरक्षण दिले, पण अदलाबदल विसाव्या शतकातही रेंगाळलीच. 1920 च्या दशकात युवराज एडवर्ड यांनी शेटलंडच्याच फेअर आयल या बेटाचे रंगीत स्वेटर घातले आणि मागणी तिकडे वळली. दुसऱ्या महायुद्धात बेटांवर तळ ठोकलेले सैनिक थेट विणकरणींकडून रोखीने माल घेऊ लागले, तेव्हा दुकानदाराच्या वहीची पकड खऱ्या अर्थाने सुटली.

आज या शाली जगभर हौसेने विणल्या जातात. नमुने छापील मिळतात, धागा तयार मिळतो, शाल विकावी लागत नाही. मोठी शाल विणायला लागणारे शेकडो तास बाजारभावाने मोजले तर तिला गिऱ्हाईक मिळणे कठीण, म्हणून ती हौसेतच तगली आहे. हे चांगलेच झाले; नाहीतर नमुने पेटीबंद झाले असते. मात्र नमुन्यांच्या पुस्तकांत लाटा आणि मांजराची पावले ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली छापली जातात, आणि त्या शब्दात अन्स्टच्या बायका, त्यांची चिठ्ठी आणि चहाचा पुडा सगळेच झाकले जाते. त्यांच्या जबान्या मात्र छापील आहेत, नावानिशी आहेत, आणि एका शालीला किती आठवडे लागले, तिचे काय मिळाले, हे त्यांत त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे.