ट्रकचालकाचे तास कोण मोजणार?

बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच 1946 चे कारखाना दुरुस्ती विधेयक आले आणि कायम चालणाऱ्या कारखान्यांचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आला. मोटार कामगारांना दिवसाला 8, आठवड्याला 48 तास मिळाले ते 1961 च्या कायद्याने. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकालाच लागू होता! मानवतहून कापसाच्या गाठी नेणारा एका गाडीचा मालक सुटला. युरोपात 2006 पासून नव्या मालट्रकला डिजिटल टॅकोग्राफ सक्तीचा आहे. साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटे विश्रांती, नोंद चालकाच्या स्वतःच्या कार्डावर. आपल्याकडे जीपीएस आहे. गाडी कुठे पोहोचली ते मालक बघतो; चालक कधीपासून जागा आहे, ते कुणीच विचारत नाही.