प्लेगची धास्ती, कोरोनाचा घोर



मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले आणि आमच्या गटात कोरोनाचा विषय निघाला. एक मावशी म्हणाल्या, "ताप नाही आला मला, पण झोप गेली ती गेलीच." त्यावर एका आजींनी सासूकडून ऐकलेलं सांगितलं. घरात उंदीर मरून पडला की अख्खं गाव माळावर झोपड्या घालून राहायचं. सासू म्हातारपणीही उंदीर दिसला की थरथरायची.

मग आम्ही प्लेगचं वाचून काढलं. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. माणसं मुंबई सोडून पळू लागली. 1897 मध्ये पुण्यात गोरे सोल्जर घरोघरी झडती घेऊ लागले. पार देवघरात, चुलीपाशी शिरायचे. आजारी माणूस इस्पितळात, घरचे छावणीत. पुन्हा भेट होईल की नाही, कोण जाणे! म्हणून लोक आजारी माणूस लपवायचे. रोगाइतकीच झडतीची धास्ती होती. रँडच्या खुनाचं पुस्तकांत पानंच्या पानं आहे. दाराकडे डोळे लावून रात्र काढणाऱ्या बायांबद्दल आम्हाला फारसं काही सापडलं नाही.

त्याच वेळी सावित्रीबाई आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत हडपसरजवळ रोग्यांवर उपचार करत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर आणलं, असं सांगतात. त्यांनाही लागण झाली. 10 मार्च 1897 ला त्या गेल्या.

साथरोगाचा कायदाही 1897 चाच. 2020 मध्ये तोच पुन्हा लागू झाला. तेव्हा आम्ही मास्क शिवले, पण माहेरच्या मयताला जाता आलं नाही. कुणाची छाती धडधडायची, कुणाला चुलीपुढे बसून रडू यायचं. आम्ही म्हणायचो, अशक्तपणा असेल. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे सांगितलं, की साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचे आजार सुमारे 25 टक्क्यांनी वाढले, बायकांमध्ये जास्त. म्हणजे ते नुसतं 'मनाला लावून घेणं' नव्हतं, आजारच होता. त्याला औषधपाणी असतं, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मावशींना आम्ही आता तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जातोय. सरकारच्या टेलिमानसचा फुकट नंबर आहे 14416. तो आम्ही हजेरीच्या वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलाय. तुमच्या वहीवरही लिहून ठेवा.