एका किल्लीत चार दारे

कोल्हापूरहून गारगोटीच्या रस्त्याला लागले की कळंबा येते. 'मध्यवर्ती' हा शब्द येथे कारागृहामुळे सर्वांच्या ओळखीचा. मोटार दुरुस्त करणाऱ्याकडे मात्र 'सेंट्रल'चा अर्थ वेगळा असतो. एका किल्लीने सारी दारे बंद करणारे ते कुलूप जुन्या गाडीत हटकून रुसते. ते का रुसते हे कळायला त्याचा इतिहास उपयोगी पडतो, कारण प्रत्येक पिढीच्या कुलपाने आपला खास बिघाडही सोबत आणला.

अमेरिकेतील स्क्रिप्स-बूथ कंपनीने १९१४ मध्येच विजेवर चालणारी दाराची कुलपे आणली होती. त्यांचा प्रसार झाला नाही. १९५६ मध्ये पॅकार्डने ती पुन्हा आणली. जर्मनीत मर्सिडीज-बेंझने निराळी वाट धरली. पेट्रोल इंजिन हवा ओढते तेव्हा त्याच्या नळीत दाब वातावरणाहून कमी होतो. या निर्वाताची नळी प्रत्येक दारातील रबरी पडद्यापर्यंत नेली, की बाहेरची हवाच पडदा ढकलून कुलूप सरकवते. पडद्याचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर आणि दाबातील फरक अर्ध्या वातावरणाचा धरला, तर जोर सुमारे १०० न्यूटन भरतो. म्हणजे दहा किलो वजनाएवढा! इंजिन बंद असतानाही कुलूप चालावे म्हणून निर्वात एका डब्यात साठवत. पण रबराला बारीकशी चीर गेली की रात्रभरात डब्यात हवा शिरे आणि सकाळी दारे ढिम्म हलत नसत. आदल्या संध्याकाळी चालणारे कुलूप सकाळी बंद, यावरूनच गळती ओळखता येई.

आपल्याकडे अँबॅसडर, पद्मिनीच्या मालकांनी प्रत्येक दाराची खुंटी हातानेच दाबली. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्येही हे कुलूप बहुधा बाजारातून आणून बसवलेले असे. त्यात निर्वात नाही, छोट्या विद्युत मोटरी आहेत. चालकाच्या दारातील मोटरीला पाच तारा, इतरांना दोनच. कारण चालकाची खुंटी वर आहे की खाली हे नियंत्रक डबीला कळवणारा स्विच त्याच दारात असतो. डबी बाकीच्या मोटरींना क्षणभर वीज देते. कुलूप लावताना एका दिशेने, उघडताना उलट दिशेने. खेळण्यातील मोटरीच्या सेलची टोके बदलली की ती उलटी फिरते, हे वर्गात दाखवता येते. कुलपात याहून वेगळे काही नाही.

बिघाडाचे कोडेही यावरूनच सुटू लागते. सगळीच दारे मुकी झाली तर फ्यूज, डबीचा पुरवठा किंवा चालकाच्या दारातील स्विच पाहावा. कुलूप लागून लगेच उघडत असेल तर संशय त्या स्विचवरच घ्यावा; खुंटी पुरती खाली जात नसते. एकच दार अडले तर मोटर, तिची दांडी किंवा तार.

तारेचे प्रकरण मजेदार आहे. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून ती जाते आणि दार उघडताना दर वेळी वाकते. वाकून वाकून तांब्याचा एकेक धागा तुटतो. शेवटी दोनचार धागे उरतात, तेही हिरवट गंजलेले. मीटर लावावा तर मोटरीपाशी, डबीने वीज देताच, १२ व्होल्ट दिसतात. मग मोटरच बाद ठरवून नवी बसवली जाते आणि तीही हलत नाही! मीटर जवळपास प्रवाह ओढतच नाही, म्हणून त्याला तारेची दुबळी जागा कळत नाही. मोटरीचा रोध ३ ओहम धरा. तिला ४ अँपिअर हवेत. तुटक्या तारेने आणखी ३ ओहम घातले, तर प्रवाह २ अँपिअरवर येतो आणि मोटरीच्या वाट्याला ६ व्होल्टच उरतात. मीटरऐवजी गाडीचाच एखादा मोठा दिवा लावून पाहिला तर तो मिणमिणतो आणि चोर सापडतो. ओहमच्या नियमावर फळ्यावर सोडवायला याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

दुसरा शत्रू पाणी. काचेच्या कडेने दारात पाणी उतरतेच. ते वाहून जायला दाराच्या तळाशी भोके असतात, पण चिखलाने ती बुजली की कोल्हापुरी पावसाळ्यात दाराची टाकी होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या गाड्यांत पाणी शिरले, त्यांच्या मोटरी आणि जोडण्या तपासलेल्याच बऱ्या.

१९८२ मध्ये रेनोच्या फ्युएगो गाडीबरोबर दुरून कुलूप उघडणारे यंत्र आले. आधी अवरक्त किरणांचे, पुढे रेडिओलहरींचे. दारातील तार मात्र अजून वाकतेच आहे.

मागच्या दाराची मोटर मुकी झाली तर बरेच लोक तसेच चालवून घेतात. आतून खुंटी ओढली की दार उघडते, हे खरे. पण बहुतेक गाड्यांत मागच्या दाराला बाहेरून किल्लीचे छिद्र नसते, आणि दाराच्या कडेची लहान मुलांसाठीची कळ लावलेली असली तर आतली मूठही चालत नाही. अपघातानंतर धावत आलेल्या माणसाला ते दार बाहेरून उघडत नाही. तेव्हा तार जोडून होईपर्यंत ती कळ काढून ठेवावी, आणि मुलांना दुसऱ्या दाराजवळ बसवावे.