१९७९चे पूर्वज

१२ जुलै १९७९च्या रात्री शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या तबकड्यांनी भरलेली एक पेटी स्फोटाने उडवण्यात आली. नष्ट करण्यासाठी तबकडी घेऊन येणाऱ्याला तिकीट अवघ्या ९८ सेंटला होतं. स्फोटानंतर हजारो लोक मैदानात घुसले, नासधूस झाली आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. डिस्को वाढलं ते कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुणांच्या नाचघरांत. त्या रात्रीचा राग नुसता संगीतावरचा नव्हता, असं माझं ठाम मत आहे. प्रेक्षकांना जागा दाखवायला त्या मैदानावर व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा नोकरीला होता. सिंथेसायझर घेण्यासाठी तो पैसे साठवत होता. १९८४ साली त्याने जेसी सॉन्डर्सच्या साथीने ‘ऑन अँड ऑन’ हे गाणं केलं. डिस्कोतूनच निघालेल्या हाउस संगीताच्या अगदी पहिल्या तबकड्यांत त्याची गणना होते.

पॅरिसच्या डाफ्ट पंक या जोडीने २८ वर्षांत स्टुडिओत घडवलेले मुख्य अल्बम चारच. पण त्यांच्या कुळाचा माग घेत गेलं की आपण पुन्हा पुन्हा १९७९ याच सालाशी येऊन थांबतो.

तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो यांची ओळख १९८७ साली पॅरिसच्या लिसे कार्नो या शाळेत झाली. आधी त्यांनी एका मित्राबरोबर गिटारचा बँड काढला. एका ब्रिटिश साप्ताहिकाने त्यांच्या संगीताची ‘खुळचट पंक’ अशा अर्थाच्या शब्दांत वासलात लावली. दोघांनी ती शिवीच नाव म्हणून घेतली. घरात डिस्को मात्र होतंच. तोमाचे वडील दानिएल वांगार्द हे डिस्कोचे गीतकार-निर्माते. ‘ओटावान’ या गायकजोडीचं, डिस्को या शब्दाचं एकेक अक्षर सोडवत जाणारं गाणं त्यांचंच, आणि तेही १९७९चं. ओटावानच्याच ‘ते ओके’ या गाण्याशी ‘डिस्को डान्सर’मधल्या ‘जिमी जिमी’चं साम्य अनेकांनी दाखवून दिलं आहे. म्हणजे आपल्याकडे गणपतीपासून हळदीपर्यंत ज्या चालीवर लोक नाचले, तिची वाट तोमाच्या घरावरून जाते.

पहिला अल्बम ‘होमवर्क’ १९९७चा. तो घडला तोमाच्या घरी, झोपायच्या खोलीत. साधनं मोजकी: ठोका वाजवणारं टीआर-९०९ आणि बास वाजवणारं टीबी-३०३ ही रोलँडची यंत्रं, एक सॅम्पलर, थोडे सिंथेसायझर. ही दोन्ही यंत्रं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. बाजारात ती चालली नाहीत, स्वस्तात विकली गेली आणि म्हणूनच शिकागो-डेट्रॉइटच्या पोरांच्या हाती लागली. ‘होमवर्क’मध्ये ‘टीचर्स’ नावाचं एक गाणं आहे. त्यात दुसरं काही नाही, फक्त नावं: शिकागोचे डीजे, न्यूयॉर्कचे निर्माते, मध्येच ब्रायन विल्सन आणि जॉर्ज क्लिंटन. आपल्याकडे गवई उस्तादांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो, तेच काम या गाण्याने केलं आहे. विशीतल्या दोन पोरांनी पहिल्याच अल्बमात असा हात लावावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

२००१चा ‘डिस्कव्हरी’ हा माझ्या मते त्यांचा सर्वांत श्रीमंत अल्बम. १९७५ ते १९८५ या आपल्या बालपणाच्या काळाकडे ते त्यात वळले होते. त्याच्या मुळाशी असलेल्या तबकड्यांची सालं बघा. ‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’ एडविन बर्डसाँगच्या ‘कोला बॉटल बेबी’वर उभं आहे: १९७९. ‘डिजिटल लव्ह’ची सुरुवात जॉर्ज ड्यूकच्या ‘आय लव्ह यू मोअर’मधली: १९७९. ‘सुपरहीरोज’मध्ये बॅरी मॅनिलोचा तुकडा: १९७९. ‘वन मोअर टाइम’ची तुतारी एडी जॉन्सच्या ‘मोअर स्पेल ऑन यू’मधली: १९७९. जुन्या तबकडीतली दोन-चार सेकंदं उचलायची, वेग नि पट्टी बदलायची, तुकड्यांची जागा उलटसुलट करायची आणि खाली अखंड चालणारा ठोका घालायचा. मग फिल्टरने वरचे सूर झाकायचे आणि हळूहळू उघडायचे. लोक नाचता नाचता हात वर करतात, ते हे झाकण उघडतं त्या क्षणी. कोमिस्की पार्कने ज्या साली हे संगीत संपवायला घेतलं होतं, त्याच सालचे हे तुकडे.

२००५चा ‘ह्यूमन आफ्टर ऑल’ सहा आठवड्यांत झाला, आणि ती घाई त्यात ऐकू येते. तीच गाणी २००६-०७च्या दौऱ्यात, मंचावरच्या एका प्रकाशमान पिरॅमिडमधून, जुन्या गाण्यांत मिसळून आली तेव्हा कुठे त्यांना अंग आलं.

२०१३च्या ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’मध्ये दोघांनी तुकडे उचलणं एका गाण्यापुरतं ठेवलं आणि माणसांनाच स्टुडिओत बोलावलं. गिटारवर नाइल रॉजर्स, ज्यांच्या ‘शिक’ बँडने १९७९च्या उन्हाळ्यात ‘गुड टाइम्स’ गाजवलं. ड्रमवर जॉन रॉबिन्सन, ज्यांनी त्याच वर्षी मायकल जॅक्सनच्या ‘ऑफ द वॉल’ला ताल दिला होता. डिस्कोचे निर्माते जॉर्जिओ मोरोडर यांना तर फक्त आयुष्य सांगायला बसवलं, वेगवेगळ्या काळांतले मायक्रोफोन समोर ठेवून. २०१४च्या ग्रॅमीत हा वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरला. मंचावर जोडी नेहमीप्रमाणे चेहरा झाकणाऱ्या शिरस्त्राणांत गप्प होती. बोलले ते पॉल विल्यम्स, सत्तरच्या दशकातले गीतकार.

२२ फेब्रुवारी २०२१ रोजी जोडी विभक्त झाली. त्यानंतर काही महिन्यांतच ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने ‘मोअर स्पेल ऑन यू’चे गायक एडी जॉन्स यांना शोधून काढलं. ते लॉस एंजेलिसमध्येच राहत होते आणि बेघरपण भोगून आले होते. त्यांच्या गाण्यातल्या तुतारीचे पैसे हक्क बाळगणाऱ्या कंपनीकडे पोचत होते, त्यांच्याकडे एक पैसाही आला नव्हता. ‘डिस्कव्हरी’च्या श्रेयनामावलीत बर्डसाँग आहेत, ड्यूक आहेत, मॅनिलो आहेत. ज्या ‘वन मोअर टाइम’ने जगभर हा अल्बम पोचवला, त्यापुढे जॉन्स यांचं नाव नाही. ते पुढच्या आवृत्तीत छापायला हवं, आणि पैसे त्यांच्या हातात पडायला हवेत.